आमच्याकडचं ‘बघूया’

रत्नागिरीत ‘नाही’ हा शब्द फारसा कोणी खर्च करत नाही. सुताराला विचारा, बाबा, दाराची बिजागरी कधी लावतोस? तो म्हणतो, बघूया. म्हणजे तो येणार नाही. मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन उठताना म्हणतात, बघूया, कळवतो. म्हणजे मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी दुसरं स्थळ शोधायला लागावं. लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघूया, जमलं तर’ असं उत्तर आलं की त्या माणसाचं पान धरायचं नाही. ह्यात फसवाफसवी काही नसते हो. सांगणाऱ्याला नि ऐकणाऱ्याला दोघांनाही अर्थ पक्का ठाऊक असतो. तोंडावर नाही म्हणून वाईट कोणी व्हायचं? गाव केवढं, माणसं किती. आज नाही म्हटलं तर उद्या मासळी बाजारात तोच माणूस समोर उभा.

आमच्या कॉलेजात एक घाटावरचे सर नव्याने लागले होते. त्यांच्या भाड्याच्या खोलीतला नळ गळत होता. प्लंबर त्यांना ‘उद्या बघूया’ म्हणाला, तर हे बिचारे चक्क रजा टाकून घरी बसले. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तणतणत स्टाफरूममध्ये सांगायला लागले, तेव्हा आमची हसून हसून पुरेवाट झाली. मग मीच त्यांना धडा दिला. म्हटलं, सर, ‘बघतो’ म्हणजे कदाचित. ‘बघायला हवं’ म्हणजे कठीण आहे. आणि ‘बघूया’ म्हणजे नाही. लिहून घ्या. त्या दिवशी सगळ्यात जास्त हसली होती ती माझ्या भूगोल विभागातली तासिकेवरची बाई. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हे जे सांगत्ये ते तिचंच आहे.

तासिकेवरची म्हणजे जितके तास शिकवील तितक्या तासांचे पैसे. जुलैत नेमणूक, परीक्षा आल्या की मोकळी. उन्हाळाभर काही नाही. पुढच्या जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखत घेणारी मीच. दरवर्षी मी तिला गंभीर चेहऱ्याने विचारायचे, आपला अनुभव किती? आणि ती तितक्याच गंभीर चेहऱ्याने सांगायची. बाहेर आल्यावर दोघींना हसू यायचं, पण पुढे पुढे ते हसूही यायचं बंद झालं. ती मूळची माझीच विद्यार्थिनी. लांजाच्या पलीकडे आत कुठेतरी तिचं गाव, वडील नि भाऊ मुंबईला. एम.ए. झाली, पात्रता परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, आणि मग सरकारने भरतीच बंद ठेवली. मी कायम, पगार सरकारी. ती माझ्याहून बरं शिकवणारी, आणि तासावर. हे मला कधी पचलं नाही. पण न पचलेलं पोटात घेऊन माणूस नोकरी करतोच की.

तिचं शिकवणं बघायचं तर वर्गात नाही, किनाऱ्यावर बघावं. दर हिवाळ्यात ती टी.वाय.च्या पोरांना घेऊन जयगडहून फेरीबोटीने पलीकडे वेळणेश्वरला जायची. दोन काठ्या, मध्ये बांधलेली दोरी, आणि एक साधी लेव्हल. पुळणीचा उतार मोजायचा. समुद्र कुठे वाळू खातोय, कुठे टाकतोय, ते बघायचं. मी एकदा बरोबर गेले होते. गुडघ्यांमुळे वर देवळाच्या पायरीवर बसून राहिले. खाली ही साडी खोचून पाण्यात उभी, आणि पोरींवर ओरडत होती, अगो, काठी सरळ धर, समुद्र तिरका नाही, तू तिरकी आहेस. पोरी खदाखदा हसत होत्या आणि काठी सरळ धरत होत्या. परतताना बोटीत एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, आमच्या गावचा किनारापण असा मोजता येईल का? मला तेव्हा वाटलं, झालं, आपलं काम ह्या बाईने पुढे नेलंन्. आता मी निवृत्त व्हायला हरकत नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात कॉलेजात पैसे कमी पडले.

कमी पडायची कारणं सगळ्यांना माहीत होती. मुलं कमी झालीत. गावागावांतल्या वाड्या रिकाम्या, जी पोरं आहेत ती बारावी झाली की मुंबईला, नाहीतर जवळच्याच नव्या कॉलेजात. शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून यायचे ते येईनात. विज्ञान शाखेच्या इमारतीचे पत्रे वाऱ्याने उडालेले, ते बसवण्यात बरीच रक्कम गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जे वर्ग विनाअनुदानित आहेत, म्हणजे ज्यांच्या शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, तो संस्थेला फीमधून द्यावा लागतो, त्यांच्यावर पहिली नजर गेली. टी.वाय.चा भूगोल त्यातलाच. वर्गात मुलं थोडी. तो बंद केला तर तिचे तास संपले. ती एकटी नव्हती, पण तास जाणारे बाकीचे दोघे तरुण होते, सडेफटिंग. हिला घरी मुलगा होता, पहिलीतला.

संस्थेने एक काटकसर समिती नेमली. अध्यक्ष, खजिनदार, प्राचार्य आणि सगळ्यात जुनी शिक्षिका म्हणून मी. अध्यक्षांच्या आंब्याच्या बागा. माणूस सज्जन, पण मे महिन्यात त्यांच्या डोक्यात पेट्यांखेरीज दुसरं काही शिरत नाही. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, तुसडे, दोन वाक्यांच्या वर तिसरं बोलायचं म्हणजे व्याज लागतं असा चेहरा. प्राचार्य माझ्याहून लहान, हुशार, पण कोणाचंच मन दुखवायचं नाही ह्या एका विचारावर त्यांचं सगळं प्राचार्यपण उभं.

पहिल्या बैठकीत ठरलं की पंखे बंद ठेवावेत. एप्रिल महिन्यात, रत्नागिरीत! दुसऱ्या बैठकीत बिस्किटं बंद झाली. अध्यक्षांनी घरून कैरीचं पन्हं आणलं होतं, ते सगळ्यांनी घाम पुसत प्यायलं आणि काटकसर केल्याचं समाधान मानलं. मग फी वाढवायचं निघालं. त्यावर प्राचार्य म्हणाले, वाढवली तर आहेत तीही मुलं जातील. कायम शिक्षकांनी महिन्याला एक दिवसाचा पगार द्यावा असं निघालं. त्यावर मी म्हटलं, देऊया की. ते स्टाफरूममध्ये मांडल्याबरोबर तिथे जी शांतता पसरली ती पुढे कोणी मोडली नाही. प्रत्येकाच्या घराचं कर्ज, प्रत्येकाच्या मुलाचं पुण्यातलं शिक्षण. मी कोणाला दोष देत नाही. पण कंटाळा आला.

आणि मग होती कमान.

आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठा झालेला. त्याने आईच्या नावाने कॉलेजला प्रवेशद्वाराची कमान द्यायचं ठरवलं. ग्रॅनाइटची. निम्मा खर्च त्याचा, निम्मा संस्थेचा. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! वर्गात बाक मोडलेले, आणि दारात ग्रॅनाइटची कमान. आपल्याकडे पायाखाली सगळा जांभा, शंभर शंभर वर्षांची घरं त्यावर उभी, आणि ह्यांना दगड हवा तो परराज्यातून. नाकापेक्षा मोती जड. संस्थेने कमानीसाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे वळवले असते तर तिच्यासारख्यांचे तास आरामात निघाले असते. हे समितीतल्या चौघांनाही कळत होतं. इतकं सरळ होतं.

पण आमच्याकडे ठरावाला सूचक लागतो. कोणीतरी ‘मी सुचवतो’ म्हणायचं, कोणीतरी ‘माझं अनुमोदन’ म्हणायचं, आणि ती दोन नावं इतिवृत्तात कायमची लिहिली जायची. अभिनंदनाच्या ठरावाला सूचक व्हायला चार हात एकदम वर होतात. श्रद्धांजलीला तर विचारूच नका. पण टी.वाय. भूगोल बंद करावा, ह्याला सूचक कोण? अध्यक्षांनी विचारलं. बंद पंख्याकडे सगळे बघत राहिले. प्राचार्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं, विभाग माझा म्हणून. मी भिंतीकडे पाहिलं. बरं, कमान पुढे ढकलावी, ह्याला सूचक कोण? तिथेही तेच. देणगीदार दुखावला जाईल, त्याचे काका अध्यक्षांच्या बागेशेजारचे, त्याची बहीण प्राचार्यांच्या बायकोच्या भिशीत. कोण सुचवणार? अध्यक्षांचा फोन वाजला, वाशीच्या बाजाराला आंब्याची गाडी सुटायची होती. ते उठता उठता म्हणाले, बघूया. आणि बैठक संपली.

प्रत्येक बैठकीनंतर ती विभागात माझी वाट बघत बसलेली असायची. तोंडाने काही विचारायची नाही. भुवया उडवायची. तो आमचा दोघींचा खेळ होता. मी बोटं वर करून दाखवायची, आज किती ‘बघूया’ मिळाले ते. पहिल्या वेळी तीन बोटं दाखवली. ती इतकी हसली की तिने टेबलाला डोकं टेकलं. पुढच्या वेळी चार. ती हसली, पण थोडीच. त्यानंतर तिने भुवया उडवणं बंद केलं. मी आत आले की ती नकाशे गुंडाळत असायची आणि मला विचारायची, मॅडम, चहा घेणार?

मला कामाचा थकवा कधी आला नाही. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, सहली नेल्या, निवडणुकांच्या ड्यूट्या केल्या. पण त्या उन्हाळ्यात मी थकले ती ह्या न ठरवण्याने. काढून टाका, नाहीतर ठेवा. एक काहीतरी करा मेल्यांनो. घरी येऊन मी खुर्चीत बसायची आणि दिवा लावायचाही आळस यायचा. नवरा विचारायचा, आज काय ठरलं? मी म्हणायची, पन्हं चांगलं होतं.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात एका दुपारी ती विभागात आली आणि दार लोटून घेतलंन्. दार ती कधी लोटायची नाही. समोर बसली. म्हणाली, लोट्याला, एमआयडीसीजवळ, शाळा आहे एक, इंग्रजी माध्यमाची. तिथे सहावी-सातवीला भूगोल शिकवायला बोलावलंय. तिचा नवरा तिकडेच कंपनीत, पाळीच्या कामावर. आजवर तो आठवड्यातून एकदा इथे यायचा, तेही रात्रपाळी नसली तर. मुलाला त्याच शाळेत फी माफ. पगार बारा महिने. शनिवारपर्यंत कळवायचंय. हे सगळं तिने एका दमात, खाली बघून सांगितलं. मी म्हटलं, चांगलं आहे की मग. तेव्हा तिने वर पाहिलं.

“मॅडम, मला इथंच राहायचंय,” ती म्हणाली. “सहावीच्या पोरांना नद्या पाठ करायला लावून मी मरेन. पण मला एकदा कोणीतरी सांगा. हो म्हणा, नाही म्हणा. मला चालेल. हे असं नाही चालत.”

त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही स्वच्छ आठवतं. मी ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी बैठक होती. कमानीच्या ठरावाला सूचक मीच व्हायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं तरी होऊ दे. मला वर्षभराने निवृत्तच व्हायचंय, माझं कोण काय वाकडं करणार आहे? पण हे तिला आधी सांगायचं नाही. हातात पडल्याशिवाय बोलू नये, ही माझ्या आईची शिकवण. ठराव पडला तर? तिला आशेला लावून मग तोंडघशी पाडायचं? शुक्रवारी सांगू. शनिवार आहेच की पुढे. ऊन मी म्हणत होतं, पंखा बंद, गुडघे ठणकत होते. मी पुढ्यातले कागद सारखे केले आणि म्हटलं,

“बघूया.”

ती उठली. म्हणाली, बरं मॅडम. दाराशी थांबून तिने विचारलं, नकाशांच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते? मी म्हटलं, ऑफिसात असेल. ती गेली.

पुढचे दोन दिवस ती येऊन विभाग आवरत होती. सुट्टीचे दिवस, पैसे कोणी देणार नव्हतं, तरी आली. सगळ्या टोपोशीट्स, म्हणजे सर्वेक्षणाचे नकाशे, काढून, झटकून, तालुक्याप्रमाणे लावल्यान्. फाटलेल्या नकाशांना मागून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्यान्. किनाऱ्यावरच्या त्या दोन काठ्या धुऊन, पुसून, गोणपाटात गुंडाळून कपाटावर ठेवल्यान्. मी येता-जाता बघत होते. मनात म्हटलं, पोरगी बघा कशी आहे, नोकरीचा पत्ता नाही आणि नकाशांची काळजी करते. मला तिचं फार कौतुक वाटलं. आणखी काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

गुरुवारी मी त्या मुंबईच्या देणगीदाराला फोन केला. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. त्याचे कान मी इथेच धरलेत, तेव्हा कमानीचं बोलायला मला भीड कसली? सरळ सांगितलं. म्हटलं, बाळा, तुझ्या आईचं नाव लागायलाच हवं, पण ह्या वर्षी कमान नको. ह्या वर्षी कॉलेजात मास्तर राहायला हवेत. इतकी वर्षं मुंबईत राहून तो सुधारला होता. स्पष्ट म्हणाला, मॅडम, मला वाईट वाटलंय, पण ठीक आहे, पुढच्या वर्षी करू. मी फोन ठेवला आणि हसायलाच लागले. ज्या गोष्टीला घाबरून चार माणसं दोन महिने पन्हं पीत बसली होती ती गोष्ट एवढीच होती.

शुक्रवारची बैठक अध्यक्षांच्या सोयीने संध्याकाळी होती. ते आले तेच हाताला आंब्याचा चीक लागलेला, शर्टाला वास. नेहमीसारखं सुरू झालं. अध्यक्षांनी थकल्या आवाजात विचारलं, तर मग काय करायचं? प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हटलं, कमान पुढच्या वर्षावर टाकावी आणि त्या कामासाठी ठेवलेले पैसे विनाअनुदानित वर्गांच्या शिक्षकांना वापरावेत. टी.वाय. भूगोल चालू ठेवावा. सूचक मी. माझं नाव लिहा.

प्राचार्य गडबडले. म्हणाले, मॅडम, पण देणगीदारांना कोण कळवणार? मी म्हटलं, मी कळवलंय. त्याची हरकत नाही.

आता अनुमोदन. पुन्हा तीच शांतता. मी मनात म्हटलं, झालं, इथेच बुडणार. तेवढ्यात खजिनदार खाकरले.

“जांभ्याच्या गावात ग्रॅनाइट कशाला हवंय मेलं,” ते म्हणाले. “अनुमोदन माझं.”

माणुसकी म्हणून नव्हे. त्यांना ग्रॅनाइटचा राग होता, आणि तो त्यांनी दोन महिने आत दाबून ठेवला होता. अध्यक्ष म्हणाले, मग मंजूर. प्राचार्यांनी लिहून घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला त्यांची कीवच आली. पेला रिकामा व्हायच्या आत सगळं संपलं. उठताना अध्यक्ष मला म्हणाले, बाई, हे तुम्ही आधीच का नाही सुचवलंत? मी बोलले असते तर ते इतिवृत्तात लिहिण्यासारखं नसतं.

बाहेर आल्याबरोबर तिला फोन लावला. लागेना. संपर्कक्षेत्राबाहेर. घरी जाऊन पुन्हा लावला. तेच. मला वाटलं, गावी गेली असेल, तिथे रेंज कुठली. उद्या सकाळी सांगू. त्या रात्री मी नवऱ्याला आपणहून सगळं सांगितलं, सूचक, अनुमोदक, ग्रॅनाइट, सगळं. तो म्हणाला, अगो, तुला एवढं हसताना बघून किती दिवस झाले.

शनिवारी सकाळी मी विभागात गेले तर ती आधीच आलेली. खिडकीशी उभी होती. अंगावर चांगली साडी. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवलेला. मी दारातूनच म्हटलं, फोन कुठे होता तुझा? झालं आपलं काम! कमान रद्द. टी.वाय. चालू. ठराव झाला, सूचक मी, अनुमोदक तो खजिनदार, ऐकलंस का, तो! पुढचं वर्षभर तुझे तास पक्के.

ती हसली नाही. खुर्ची ओढून माझ्यासाठी पुढे केलीन्. म्हणाली, बसा ना मॅडम. मी बसले. मग तिने सांगितलं. बुधवारी सकाळीच शाळेला हो म्हणून कळवलंन्. काल दिवसभर लोट्याला होती. मुलाचं नाव घातलं, नवऱ्याने कंपनीच्या जवळ दोन खोल्या बघून आगाऊ भाडंही देऊन टाकलं. इथली खोली सोमवारी सोडायची.

मी म्हटलं, अगो पण शनिवारपर्यंत मुदत होती ना? मंगळवारी तर तू मला विचारलंस. थांबायचंस ना दोन दिवस.

“थांबायचं कशासाठी मॅडम?” ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. “तुम्ही ‘बघूया’ म्हणालात. मला बरंच वाटलं उलट. म्हटलं, एवढ्या दिवसांत कोणीतरी एकदाचं नीट सांगितलंन्.”

माझा जन्म इथे गेला. दुसऱ्यांना ह्या शब्दाचा अर्थ मी शिकवला, लिहून घ्या म्हटलं. आणि आयुष्यात एकदाच तो शब्द मी खऱ्या अर्थाने वापरला, बघणार होते म्हणून बघूया म्हटलं, ते हिच्यापुढे. हिच्यापुढे! जी बोटं मोजून हसायची तिच्यापुढे. तिने दुसरा काय अर्थ घ्यायचा होता? मी तिच्या जागी असते तर मीही तोच घेतला असता. मला स्वतःचा इतका संताप आला की तिच्याकडे बघवेना, मी कपाटाकडे बघत राहिले. नकाशे कसे सरळ लावलेले, वर गोणपाटात काठ्या.

मी म्हटलं, अगो, मी खरंच बघणार होते. ती म्हणाली, हो मॅडम, कळलं आता.

मग मला सुचेल ते मी बोलत सुटले. म्हटलं, हे बघ, अजून काही गेलं नाही. त्या शाळेला आज फोन कर. सांग, अडचण आली. त्यांना जूनपर्यंत दुसरी बाई मिळेल, सहावीला शिकवायला काय लागतं. भाड्याचं आगाऊ मी देते. मुलाचं नाव काढून इथे घालू, मी येते शाळेत बरोबर. सोमवारी प्राचार्यांकडून तुझ्या नेमणुकीचं पत्र हातात घेते, अध्यक्षांची सही आणते बागेत जाऊन. हिवाळ्यात वेळणेश्वरला जायचंय ना? मी येईन ह्या वर्षी खाली वाळूत, गुडघे गेले खड्ड्यात. काठी मी धरते. तू फक्त हो म्हण.

ती ऐकत होती. मध्येच तिचे डोळे भरले असं मला वाटलं, पण तिने खिडकीकडे मान वळवलीन्. बाहेर कमानीसाठी आखून ठेवलेल्या चुन्याच्या रेघा दिसत होत्या. मग तिने टेबलावरचा जुडगा उचलला, त्यातली नकाशांच्या कपाटाची किल्ली कुठली ते मला बोटाने दाखवलंन्, आणि तो माझ्या हातात ठेवला.

“बघूया, मॅडम,” ती म्हणाली.

मी बरं म्हटलं आणि किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.